गणिताच्या चाचणीत परिसर कसा आणायचा: प्रश्न तयार करणाऱ्या गटांना खुले पत्र

प्रति,
इयत्ता पहिली ते पाचवीच्या गणित चाचण्यांचे प्रश्न तयार करणारे राज्य, जिल्हा आणि केंद्र (जवळपासच्या शाळांचा समूह) पातळीवरचे सर्व गट

सप्रेम नमस्कार.

प्रश्नपत्रिकेत मुलांचा परिसर आला पाहिजे, याबद्दल आता कुणाचे दुमत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तसे म्हटले आहे आणि प्रशिक्षणांतही तेच सांगितले जाते. पण तो आणायचा कसा, आणि आणल्यावर आपण नेमके काय मोजतो, याचा विचार प्रश्न लिहिताना फारसा होत नाही. हे पत्र तेवढ्याच मुद्द्यावर आहे.

एक नमुना घेऊ. ‘वारली चित्रात एका माणसाच्या अंगाला दोन त्रिकोण असतात. आठ माणसांना किती त्रिकोण लागतील?’ या धर्तीचे प्रश्न हल्ली ‘संस्कृतीशी जोडलेले’ म्हणून सहज स्वीकारले जातात. वारली माणूस काढून तिथे सायकल आणि दोन चाके ठेवा. उत्तर तेच, रीत तीच, अडचणही तीच. म्हणजे वारली चित्राने या प्रश्नात काहीच काम केलेले नाही, दोनचा पाढाच तपासला गेला. पाढा तपासायला हरकत नाही, पण मग त्याला गणिती साक्षरतेचा, म्हणजे रोजच्या परिस्थितीत गणित वापरता येण्याचा, प्रश्न म्हणू नये.

आता तेच चित्र घेऊन चौथीसाठी दुसरा प्रश्न: ‘१४ सेमी रुंदीच्या कागदावर हात धरून उभी असलेली वारली माणसे एका ओळीत काढायची आहेत. एका माणसाला २ सेमी जागा लागते. दोन माणसांच्या मध्ये हातांसाठी १ सेमी जागा लागते. जास्तीत जास्त किती माणसे बसतील?’ उत्तर ५. पाच माणसांचे १० सेमी, मधल्या चार जागांचे ४ सेमी. जे मूल ‘एका माणसामागे ३ सेमी’ धरून १४ ला ३ ने भागते त्याचे उत्तर ४ येते आणि २ सेमी उरतात. माणसे पाच असली तरी मधल्या जागा चारच, हे त्याच्या नजरेतून सुटले, इतके त्या एका उत्तरातून कळते. कागद १२ सेमीचा घेतला असता तर चुकीच्या रीतीनेही ४ आणि बरोबर रीतीनेही ४ आले असते, आणि प्रश्न वाया गेला असता. प्रश्नातली संख्या निवडताना ती कोणत्या चुकीला वेगळे पाडते, हे आधी कागदावर मांडून बघावे लागते. संदर्भ कितीही अस्सल असला तरी हे काम टळत नाही.

गणिती साक्षरतेची जी चौकट आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत वापरतात ती पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण तिच्यातल्या तीन पायऱ्या प्राथमिकलाही लागू पडतात: परिस्थितीतून गणित उभे करणे, ते सोडवणे आणि आलेले उत्तर परिस्थितीत बसते का ते पाहणे. आपल्या बहुतेक प्रश्नपत्रिका मधल्या पायरीवरच थांबतात. परिसराचा खरा उपयोग पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला होतो, कारण परिस्थिती ओळखीची असेल तरच ‘हे उत्तर शक्य आहे का?’ असे मुलाला विचारता येते.

ओळखीचा संदर्भ दिला की पेपर सोपा होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा पण गाजलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के त्यांनी बरोबर केले. त्याच प्रकारची शाब्दिक उदाहरणे सुमारे ७४ टक्के बरोबर आली आणि नुसती मांडलेली गणिते जेमतेम ३७ टक्के. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुले होती, आणि तिथे उलटी बाजूही दिसली. बाजारातली मुले शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडखळली, आणि शाळेत नियमित जाणारी, बाजारात काम न करणारी मुले बाजारी हिशेबात अडखळली. म्हणजे या दोन वेगवेगळ्या क्षमता आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून चाचणीत दोन्ही हव्यात, आणि त्यांचे गुण वेगळे नोंदवायला हवेत.

त्यासाठी आम्ही तिकडीची रीत सुचवतो. एकच क्रिया तीन रूपांत द्यावी: नुसती मांडलेली, पाठ्यपुस्तकी शाब्दिक उदाहरणाच्या रूपात आणि परिसरातल्या व्यवहाराच्या रूपात. संख्या तीच ठेवली तर मूल उत्तर ओळखते, म्हणून संख्या बदलाव्यात, पण त्यांची घडण बदलू नये. ४८ × ३, ३७ × ४ आणि ३६ × ४ ही तिकडी चालते. तिन्हींत एककाचा गुणाकार विसाच्या घरात येतो, हातचे दोन राहतात आणि दशकाचे बारा होतात. ४८ × ३, ३१ × ४ आणि ५० × ३ ही तिकडी चालत नाही, कारण शेवटच्या दोन्हींत हातचाच नाही. एका पेपरात अशा तीन तिकड्या पुरतात. व्यवहारातले रूप बरोबर आणि नुसती मांडणी चूक असेल, तर त्या मुलाला लेखी रीत शिकवायची आहे, गुणाकार नाही. उलट असेल तर त्याला रीत येते, पण ती कुठे लावायची हे कळत नाही. दोघांनाही ‘गणितात कच्चा’ या एकाच रकान्यात टाकले तर शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

आता आठवडी बाजार, कारण सर्वांत जास्त प्रश्न तिथूनच येतात आणि सर्वांत जास्त फुकटही तिथेच जातात.

‘पाव किलो मिरची १५ रुपये, तर एक किलो मिरची किती रुपयांना?’ उत्तरसूचीत ६०. बाजारात जाणारे मूल ५० किंवा ५५ लिहिते, कारण किलोला भाव उतरतो हे त्याला माहीत असते. त्याला शून्य गुण देऊन आपण त्याच्या व्यवहारज्ञानालाच चूक ठरवतो. प्रश्नातच पाटी द्यावी: पाव किलो १५, अर्धा किलो २८, एक किलो ५० रुपये. मग विचारावे, ‘पाऊण किलो कमीत कमी किती रुपयांत मिळेल?’ अर्धा आणि पाव मिळून ४३. तीन पाव घेतले तर ४५. पुढचा प्रश्न: ‘पाऊण किलोऐवजी एक किलो घेतली तर किती रुपये जास्त लागतील? तू काय घेशील आणि का?’ सातच रुपये जास्त लागतात. इथे ‘किलोच घेईन, पाव किलो सात रुपयांत पडते’ हेही बरोबर आणि ‘पाऊणच घेईन, जास्तीची खराब होईल’ हेही बरोबर. गुण कारणाला द्यायचे असतात, निवडीला नाहीत.

तोलण्यातही भरपूर गणित आहे. दुकानातली वजने ५०, १००, २००, ५०० ग्रॅम आणि १, २, ५ किलो अशा टप्प्यांनी येतात. पाव किलोचे एकच वजन त्यांत नसते. ‘पाव किलो तोलायला कोणती वजने ठेवशील?’ याचे नेहमीचे उत्तर २०० आणि ५०. ‘तुझ्याकडे १ किलो, २०० ग्रॅम आणि ५० ग्रॅम एवढीच वजने आहेत. पाऊण किलो कसे तोलशील?’ हा पाचवीचा उत्तम प्रश्न आहे: एका पारड्यात किलो, दुसऱ्यात माल आणि त्याच्याबरोबर २०० व ५०. वजाबाकी इथे कागदावर न मांडता पारड्यात दिसते. अडचण एवढीच की पारड्याचा तराजू आता अनेक बाजारांतून गेला आहे. जिथे विजेचा काटाच आहे तिथे हा प्रश्न स्थानिक राहिलेला नाही, तो इतिहासाचा झाला. तिथे काट्यावर ०.७५० दिसत असल्याचे चित्र द्या आणि विचारा, ‘गिऱ्हाइकाने पाऊण किलो मागितले होते, माल बरोबर आहे का?’ दशांश अपूर्णांक आणि बोलीतला अपूर्णांक यांची गाठ इथे पडते, आणि ती पडत नसेल तर तेही लगेच दिसते.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठी मुलांची हक्काची शिदोरी आहे. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. ते परत आणा असे आमचे म्हणणे नाही. पण चाचणीत या भाषेचा वापर अगदीच कमी होतो. ‘गाडी पावणेतीनला सुटली. प्रवास दीड तासाचा आहे. ती कधी पोहोचेल?’ या छोट्या प्रश्नाची उत्तरे बघा. सव्वाचार, ४:१५ किंवा सव्वाचार वाजलेले दाखवणारे घड्याळाचे चित्र, तिन्हींना पूर्ण गुण द्यावेत. ३:७५ आले तर मुलाने २.४५ आणि १.३० यांची दशांशासारखी बेरीज केली आहे. ४:४५ आले तर दीड तासाचे त्याने दोन तास धरले. उत्तरे सांकेतिक अंकांनी नोंदवली तर शंभर वह्यांतून ही चूक किती जणांची आहे ते काही मिनिटांत कळते.

सांकेतिक अंकांची पद्धत ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत वापरतात आणि ती केंद्र पातळीवरही सहज राबवता येते. दोन अंक लिहायचे: पहिला गुणांचा, दुसरा रीतीचा. वरच्या पाऊण किलोच्या प्रश्नात ४३ ला २०. ४५ ला १०, कारण हिशेब बरोबर आहे पण पाटीचा पूर्ण उपयोग केलेला नाही. पाटीवरच्या तिन्ही किमती जोडून ९३ लिहिले तर ०१. इतर चुका ०९. कोरी जागा ९९. कोरे आणि चुकलेले एकत्र मोजू नका. एखाद्या प्रश्नाला कोऱ्या जागा फार असतील तर बहुधा तो वाचताच आलेला नाही किंवा तिथपर्यंत वेळ पुरलेला नाही. दर पाचवी उत्तरवही दुसऱ्या शिक्षकाने स्वतंत्रपणे तपासावी. दोघांचे अंक दहातल्या नऊ वेळा जुळत नसतील, तर शिक्षकांना दोष न देता उत्तरसूची पुन्हा लिहावी.

रांगोळीचा प्रश्न लिहिताना एक खाचखळगा हमखास लागतो. ‘७ ते १ ठिपक्यांची रांगोळी’ एवढेच म्हटले तर ठिपके किती, याची दोन बरोबर उत्तरे आहेत. ठिपक्याखाली ठिपका अशी सरळ मांडणी असेल तर मधल्या ओळीत ७ आणि वर-खाली ५, ३, १, एकूण २५. दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत पुढचा ठिपका पडत असेल तर ओळी ७, ६, ५, ४, ३, २, १ अशा उतरतात आणि दोन्ही बाजू धरून ४९ होतात. दुसरी मांडणी चारच्या ओळीवर थांबवली तर ३७. ज्या घरात ज्या रांगोळ्या काढतात तीच मांडणी मूल धरून चालते. म्हणून पहिल्या दोन ओळी छापून द्याव्यात आणि ‘प्रत्येक ओळीत दोन ठिपके कमी होतात’ असे स्पष्ट लिहावे. मग उत्तरे बोलू लागतात: १६ म्हणजे खालचा अर्धा भाग राहिला, ३२ म्हणजे मधली ओळ दोनदा मोजली. पाचवीला पुढे विचारता येते, ‘मधली ओळ नऊ ठिपक्यांची केली तर किती ठिपके वाढतील?’ सरळ मांडणीत ४१ होतात, म्हणजे १६ वाढतात. आणि हो, रांगोळी काढणारी प्रत्येक वेळी मुलगीच असली पाहिजे असे काही नाही.

जमीन हा विषय ग्रामीण भागात पाचवीपासून वापरता येतो. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. ‘६६ फूट लांब आणि ६६ फूट रुंद जागा किती गुंठे?’ याचे उत्तर २ येते तेव्हा लांबी दुप्पट म्हणजे क्षेत्रही दुप्पट, हा नेहमीचा गैरसमज उघडा पडतो. बरोबर उत्तर ४. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा जरासा मोठा, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. व्यवहारात लोक दोन्ही एकच धरतात, तरी एकाच प्रश्नात दोन्ही आणू नयेत.

जुन्या मापांबाबत तर जास्तच सावधगिरी हवी. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक पुष्कळ ठिकाणी चालत असे, पण सगळीकडे नाही. शिवाय पायली हे भरून मोजायचे माप आहे. पायलीभर बाजरी आणि पायलीभर गहू यांचे वजन सारखे भरत नाही, त्यामुळे ‘एक पायली म्हणजे किती किलो?’ हा प्रश्न धान्याचे नाव आणि एका पायलीचे वजन दिल्याशिवाय विचारताच येत नाही. विटीदांडूत दांड्याने अंतर मोजतात, ते त्या मानाने निर्धोक: ‘तेच अंतर अमितच्या दांड्याने २० दांडे भरले, मीराच्या दांड्याने २५. कुणाचा दांडा लांब?’ तिसरीची बरीच मुले २५ मोठा म्हणून मीराचा सांगतात. माप लहान असेल तर ते जास्त वेळा ठेवावे लागते, हे त्यांना अजून उमगलेले नसते, आणि कोणत्याही पट्टीच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न ते अधिक स्वच्छ दाखवतो.

एसटीच्या प्रश्नांत उत्तरसूची जुनी होण्याचा धोका आहे. ‘आई, बाबा आणि आठ वर्षांची मुलगी यांचे तिकीट किती? पूर्ण तिकीट ४० रुपये.’ जुन्या सूचीत १००. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आजचे मूल ८० लिहिते आणि ते बरोबर असते. उपाय सोपा आहे: सवलतींचा छोटा तक्ता प्रश्नातच छापावा. ज्या मुलाने एसटी पाहिलेली नाही त्यालाही मग अडचण येत नाही.

हाच नियम सगळीकडे लावावा: उत्तरासाठी लागणारी प्रत्येक माहिती प्रश्नपत्रिकेवर असली पाहिजे. परिसराची ओळख मुलाला विचार करायला मदत करते. ती नसेल तर मूल थोडे हळू जाईल, पण अडता कामा नये. हे तपासायला प्रत्येक प्रश्न तीन जणांनी वाचावा. पहिला, तो व्यवहार रोज करणारा माणूस: भाजी विकणारी बाई, एसटीचा वाहक, गवंडी. ‘असे कुणी करते का?’ एवढेच त्याला विचारायचे. दुसरा, त्या इयत्तेचा गणित शिक्षक, अध्ययन निष्पत्तीशी, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवे त्याच्याशी, मेळ घालण्यासाठी. तिसरा, दुसऱ्या जिल्ह्यातला शिक्षक, ज्याला तो संदर्भ अनोळखी आहे. त्याला फक्त कागदावरच्या माहितीवर उत्तर काढता आले नाही, तर प्रश्न परत पाठवावा. प्रश्नगटात हा तिसरा माणूस जवळजवळ कधीच नसतो.

काही संदर्भ गणिताच्या दृष्टीने उत्तम असूनही टाळावेत. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि टोळीला मुकादमाकडून मिळणारी उचल हंगामभराच्या कामातून फिटते. बेरीज, वजाबाकी, भागाकार सगळे आहे त्यात. पण ज्या घरात उचल फिटलेली नाही तिथल्या मुलापुढे परीक्षेत तो हिशेब मांडणे निर्दयपणाचे आहे. गाडीत मोळ्या किती बसतात, ट्रॉलीचे भरलेले आणि रिकामे वजन किती, हे विचारा. जातिवाचक शब्दांनी धंदे सांगू नका. ‘मडकी घडवणारे काका’ पुरेसे आहे. दारू, व्याजाचे कर्ज, हुंडा आणि एकाच धर्माचे सण सतत येणे, यांवर एकदा नजर टाकावी. वर्षभराचे पेपर एकत्र ठेवले की कल लगेच दिसतो: गणेशोत्सव आणि दिवाळीचे ढीगभर प्रश्न, ईद, नाताळ आणि आंबेडकर जयंतीचे एकदोन.

भाषेबद्दल थोडक्यात. तिसरी-चौथीच्या प्रश्नाचे वर्णन चाळीस शब्दांच्या आत ठेवावे आणि एका वाक्यात शक्यतो एकच नवी संख्या असावी. वर्णन लांबले की आपण वाचन मोजू लागतो. पहिली-दुसरीला लेखी परीक्षाच नको. एकेका मुलाला समोर बसवून, चिंचोके, खरी नाणी आणि नोटा हातात देऊन विचारावे. प्रश्न दोनदा सांगावा, उत्तरासाठी निदान दहा सेकंद थांबावे, मान हलवून इशारा देऊ नये. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिले तर ते ग्राह्य धरावे आणि ती भाषा जाणणारी व्यक्ती सोबत असावी. मराठीत प्रश्न विचारून त्यात कोरकू सणाचे नाव घातल्याने चाचणी स्थानिक होत नाही.

आता तुलनेचा प्रश्न, जो राज्य पातळीवर अडतो. प्रत्येक जिल्ह्याने वेगळे प्रश्न काढले तर निकाल एकमेकांशी ताडायचे कसे? त्यासाठी पेपरचे दोन भाग करावेत. वीस प्रश्नांपैकी आठ सगळीकडे सारखे, बारा स्थानिक. समजा, अ जिल्ह्याची सरासरी स्थानिक भागात १२ पैकी ९ आली, ब जिल्ह्याची ७, आणि समान भागात दोघांचीही ८ पैकी ५. यावरून ब जिल्हा मागे आहे असे म्हणता येत नाही. त्याचा स्थानिक भाग कठीण निघाला, इतकेच. साचा तोच ठेवून फक्त संदर्भ बदलला तरी काठिण्य बदलू शकते, म्हणून स्थानिक भागाच्या कच्च्या गुणांवरून जिल्ह्यांची क्रमवारी लावूच नये. तो भाग वर्गातल्या शिक्षकासाठी आहे.

समान भागासाठी सगळ्या मुलांना ठाऊक असलेले संदर्भ लागतात आणि ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. शालेय पोषण आहार हा सर्वांत भक्कम संदर्भ आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य हे प्रमाण आहे. ‘दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ लागतो. पटावर ४८ मुले, आज हजर ४१. किती तांदूळ शिजवायचा?’ उत्तर ४ किलो १०० ग्रॅम. ४ किलो ८०० ग्रॅम आले तर मुलाने पट घेतला, हजेरी नाही. ४ किलो १ ग्रॅम आले तर स्थानिक किमतीचा, म्हणजे अंकाच्या जागेवरून ठरणाऱ्या किमतीचा, घोळ. ४१ किलो आले तर एककाचा, आणि ‘४१ किलो तांदूळ ४१ मुले खातील का?’ असे त्याला तोंडी विचारले की ते स्वतःच हसून दुरुस्ती करण्याची शक्यता बरीच असते. तिसरी पायरी म्हणतात ती हीच. खो-खोची बैठकही चालते: आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, पहिल्याचे तोंड पूर्वेला, तर सातव्याचे कुठे? दुसरीच्या आकृतिबंधाला एवढे पुरते.

छापण्याआधी दोन चाळण्या लागतात. पहिली सहा-आठ मुलांबरोबर: प्रश्न वाचून घ्यावा, ‘काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावे आणि सोडवताना मोठ्याने बोलायला लावावे. बहुतेक दोष इथेच सापडतात, म्हणून वेळ नसेल तर दुसरी चाळणी सोडा, पण ही सोडू नका. दुसरी सुमारे शंभर मुलांबरोबर. बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारण ०.३० ते ०.८० च्या दरम्यान असावे. मग एकूण गुणांनुसार वरची २७ आणि खालची २७ मुले घ्यावीत. वरच्यांपैकी २१ आणि खालच्यांपैकी ९ जणांचे उत्तर बरोबर असेल, तर फरक १२, त्याला २७ ने भागून ०.४४, प्रश्न चांगला आहे. हा आकडा ०.२० च्या खाली गेला तर प्रश्न दुरुस्त करावा, आणि उणे आला तर आधी उत्तरसूची तपासावी, बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

स्थानिक प्रश्नांसाठी आणखी एक तपासणी हवी. एकूण गुण सारखे असलेली मुले दोन गटांत पाहावीत: मुलगे आणि मुली, गावातली आणि पाड्यावरची, शेती असलेल्या आणि नसलेल्या घरांतली. एकूण गुण सारखे असूनही एखाद्या प्रश्नात एक गट ठळकपणे मागे पडत असेल, तर तो प्रश्न गणिताखेरीज आणखी काहीतरी मोजतो आहे. रांगोळी, क्रिकेट आणि ट्रॅक्टर यांच्या प्रश्नांना ही तपासणी न चुकता लावावी.

आमची मागणी एका कार्डाची आहे. प्रश्नपेढीतल्या प्रत्येक स्थानिक प्रश्नासोबत या गोष्टी नोंदलेले कार्ड असावे: व्यवहार कुठे आणि कोणत्या हंगामात पाहिला, कोणते एकक आणि भाव वापरले, कोणती अध्ययन निष्पत्ती, अपेक्षित चुका आणि त्यांचे सांकेतिक अंक, तिघा वाचकांचे शेरे, चाळणीतले दोन आकडे आणि शेवटच्या तपासणीची तारीख. तपासणीला दोन वर्षे उलटली असतील तर तो प्रश्न पेपरात घेऊ नये. भाव, सवलती, काटे सगळे बदलते. एका केंद्राने वर्षाला अशी दहा कार्डे नीट केली तरी पुरे. घाईत काढलेल्या शंभर प्रश्नांपेक्षा ती शिक्षकाच्या जास्त उपयोगी पडतील. कोरे कार्ड आणि वरच्या सगळ्या प्रश्नांची भरलेली नमुना कार्डे आपल्या गटाला हवी असल्यास द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
प्राथमिक गणित आणि मूल्यमापन यांवर काम करणारे शिक्षक